जर-तर पुढच्या सत्रात

इंग्रजी सोडून दुसरी कुठली भाषा पैसे भरून शिकायची असते, हे हिंगोली जिल्ह्यात अजून कुणाला पटलेलं नाही. इंग्रजीचंही तसं पटलेलं नाही, पण तिची फी भरून झालेली असते.

बाकीच्या भाषा आमच्याकडं फुकट मिळतात. घरात मराठी, बाजारात दखनी, तांड्यावर गेलं की गोरमाटी. हळद घेऊन निजामाबादला गेलेला माणूस परत येताना तेलुगूतले आकडे आणि दोन ठळक शिव्या घेऊन येतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं आजोबांची शाळा उर्दूत झाली. ते हिशोब उर्दूत करायचे, विठ्ठलाशी मराठीत बोलायचे आणि बैलांशी ज्या भाषेत बोलायचे ती अजून कुठल्या विद्यापीठाच्या यादीत आलेली नाही. बैलांना मात्र सगळं समजायचं.

आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा भाषापंडित म्हणजे कयाधूकाठच्या नरसीचे संत नामदेव. 1270 चा जन्म. मराठीत अभंग लिहिले, मग पायी उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, आणि आज गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. तिकडं जाण्याआधी त्यांनी कुठला प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्याची नोंद सापडत नाही. वेशीवर कुणी प्रमाणपत्र मागितल्याचीही नाही.

अशा जिल्ह्यातून आलेला मी पुण्यातल्या एका कॉलेजात इटालियनच्या पहिल्या वर्गात बसलो. कारण अगदी साधं होतं. क्रेडिट पुरे करायला एक परकी भाषा घ्यायची होती. जर्मनचे वर्ग भरलेले. जपानीचे भरलेले. फ्रेंचच्या वर्गात सगळी मुलं शाळेपासून फ्रेंच शिकलेली. ती पहिल्याच तासाला एकमेकांचे उच्चार सुधारत होती. इटालियनमध्ये जागा होती. आमच्या भागातल्या माणसाला ज्या गाडीत जागा असते ती गाडी आपली वाटते. ती कुठं जाते, हे चढल्यावर विचारता येतं.

घरी वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन केला.

"काय शिकायलास?" अण्णांनी विचारलं.

"इटालियन."

"ते कुठं बोलतेत?"

"इटलीत."

"मंग तिथं फुकट शिकवत असतील की. पुण्यात पैसे कशाला घालायलास?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. मी लगेच लायगो काढलं. आमच्या भागात सध्या कुठलीही गोष्ट पटवायची असली की लायगो काढतात. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी, वेधशाळा होणार आहे. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्रानं तत्त्वतः होकार दिला, 2023 च्या एप्रिलमध्ये 2600 कोटी मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. आत लेझरचा किरण धावणार, आणि दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी फरक पडणार, तो हे यंत्र पकडणार. गावात हे ऐकून कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही. शेजाऱ्यानं बांध तेवढाच कोरला तरी आमच्याकडं पकडतात, आणि त्यासाठी लेझर लागत नाही. जागा निवडताना शास्त्रज्ञांना जिथं काही हलत नाही असा भाग हवा होता. जिल्ह्यात काही हलत नाही, हे आम्ही कित्येक वर्षं निवेदनं देऊन सांगत होतो. ते अखेर वैज्ञानिकांनी मान्य केलं. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडं जमिनीतून अधूनमधून आवाज येतात, ती गोष्ट वेगळी.

"पण त्यात इटलीचं काय?" अण्णा मुद्दा सोडत नाहीत.

इटलीचं असं की लायगोचा एक चुलतभाऊ तिकडं आहे. पिसा शहराजवळ काशिना नावाच्या गावात. त्याचं नाव विर्गो. 14 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी आणि या विर्गोनं मिळून एकच लहर पकडली. तीन ठिकाणी चाहूल लागली, त्यामुळं ती आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली हे बरंच नेमकं सांगता आलं. उद्या दुधाळा त्या साखळीत बसणार. म्हणजे काशिनाचे लोक औंढ्याला येणार, औंढ्याचे काशिनाला जाणार. मधे बोलायला कुणी तरी लागेलच.

"त्यांच्या नळ्या केवढ्या?"

"तीन किलोमीटर."

फोनवर जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग अण्णांनी तोंड बाजूला करून ओट्यावर बसलेल्यांना सांगितलं, "आपलं एका किलोमीटरनं मोठं हाय." त्यानंतर माझ्या फीचा विषय निघाला नाही.

मला मात्र नंतर कळलं की पिसाचा आणि आमचा संबंध फार जुना आहे. काशिनापासून थोडं पुढं, त्याच पिसा प्रांतात, पोन्तेदेरा नावाचं गाव आहे. तिथं प्याज्जो कंपनीनं 1946 मध्ये व्हेस्पा काढली आणि 1948 मध्ये तिच्यामागं हौदा लावून तीन चाकांची गाडी काढली. तिचं नाव आपे. तीच पुढं बारामतीच्या कारखान्यातून निघायला लागली आणि औंढा-हिंगोली रस्त्यावर दरवाज्याबाहेर माणसं लोंबकळवत धावायला लागली. इटालियनांनी ती माल वाहायला काढली होती. आम्ही तिच्यात वऱ्हाड बसवलं. वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीत तिला 'ॲपे' छापतात, इंग्रजी शाळेतली मुलं 'एप' वाचतात. इटालियनच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर ती तीन अक्षरं काढून वाचायला सांगितली तेव्हा वर्गात फक्त मी 'आपे' म्हणालो. मॅडम खूष झाल्या. "उच्चार कुठं शिकलात?" मी म्हणालो, "औंढ्याच्या स्टँडवर."

वर्गात बाकी सगळे निश्चित हेतूनं आलेले. मिलानच्या आणि तोरिनोच्या विद्यापीठांत एम.एस. करायला निघालेले इंजिनियर, फॅशन डिझाइनवाल्या मुली, लग्न ठरलेली एक मुलगी जिचा नवरा मिलानला होता, आणि एक निवृत्त बँक मॅनेजर. मॅनेजरकाकांची सून तोरिनोची. सुनेला मराठी येत नव्हतं, काकूंना इटालियन येत नव्हतं, आणि दोघींचं व्हिडिओ कॉलवर तासतासभर छान चालायचं. काकांना त्या काय बोलतात हे कळत नव्हतं, म्हणून ते वर्गात आले होते. वर्गातले सगळ्यात तातडीचे विद्यार्थी तेच.

परीक्षेचं आम्हाला आधीच सांगण्यात आलं. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या असतात. आपण पहिल्या पायरीवर, म्हणजे ए-वन. मग ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, आणि शेवटी सी-टू. ही व्यवस्था मी घरी सांगायला नको होती. हिंगोलीत शिंप्याच्या दुकानावर 'ए-वन टेलर्स' लिहितात, चांगल्या बैलजोडीला ए-वन म्हणतात. मी ए-वनला आहे म्हटल्यावर माय आनंदली. पुढच्या वर्षी ए-टू, मग बी, मग सी, असं सांगितल्यावर ती काळजीत पडली. "लेकरा, पहिल्याच वर्षी एवढा हुशार व्हतास, पुढं कावून उतरत चाललास?" सी-टू होऊन घरी गेलो तर दार उघडतील की नाही याची मला शंका आहे.

पुण्यात नाव-गाव सांगताना मला जपून बोलावं लागतं. आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'हिंगोली डेक्कन'. पुण्यात डेक्कनला राहणं ही घराण्याची गोष्ट. "आमचं डेक्कन," एवढं बोलून मी थांबलो की समोरचा खुर्ची पुढं करतो. "हिंगोली" हा शब्द त्यानं बसल्यावर ऐकलेला बरा. इटालियनच्या वर्गात ही अडचण आली नाही. तिथं अडचण दुसरीच. इटालियनमध्ये 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत. त्यामुळं मी 'इंगोली'चा झालो. शिवाय शेवटी 'ओ' असलेल्या पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन 'ई'नं होतं; एक स्पागेत्तो, अनेक स्पागेत्ती. मॅडमनी फळ्यावर माझं गाव लिहिलं, डोकं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ऐकायला अगदी इटालियन अनेकवचन वाटतं." म्हणजे एकच असेल तर हिंगोलो. 1 मे 1999 ला परभणी जिल्हा फोडून हिंगोली जिल्हा केला, तेव्हा एका अनेकवचनातून दुसरं अनेकवचन निघालं, हे त्या वेळच्या महसूल खात्याच्याही लक्षात आलं नसेल. तेव्हापासून वर्गात मला सगळे हिंगोलो म्हणतात. मी एकटा असतो म्हणून.

उच्चारांत आम्हा मराठीवाल्यांना फारसा त्रास नाही. 'ह' सोडला तर इटालियन जसं लिहितात तसं वाचतात, आणि जोडाक्षरावर जोर द्यायचा असतो. पक्का, कच्चा, सत्ता, भत्ता म्हणत वाढलेल्या जिभेला तो जोर शिकवावा लागत नाही. इंग्रजी माध्यमाची मुलं मात्र दोन 'न'ऐवजी एकच 'न' म्हणत. वय सांगताना 'आन्नी', म्हणजे वर्षं, हा शब्द येतो, आणि त्यातला एक 'न' गळला तर वाक्यात वर्षांऐवजी शरीराचा असा भाग येतो की त्याची संख्या वीस सांगणं बरं दिसत नाही. मॅडमनी अर्थ मराठीत सांगायला नकार दिला. फळ्यावर दोन 'न' काढले आणि खाली दोनदा रेघ मारली. मॅनेजरकाकांनी वहीत तीन रेघा मारल्या. त्यांना सुनेशी बोलायचं होतं.

'असणे' आणि 'जवळ असणे' ही दोन क्रियापदं पाठ केल्याशिवाय पहिला महिना संपत नाही. दुसऱ्याची रूपं सुरू होतात ती 'ओ, आय, आ' अशी. सगळा वर्ग एका सुरात 'ओ! आय! आ!' करायला लागला तेव्हा बाहेरून चाललेले मराठीचे सर थांबले आणि कुणाला लागलंय का ते बघायला खिडकीतून डोकावले.

या सरांशी माझी वेगळी ओळख होती. माझं 'काय करायलाव', 'कुठं जायलाव' ऐकून त्यांनी एकदा प्रेमानं सांगितलं होतं की शुद्ध मराठीत 'करतो आहे', 'जातो आहे' असं म्हणतात. म्हणजे पुण्यात मी खरं तर दोन भाषा शिकत होतो, फक्त एकीची फी नव्हती. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी इटलीची गोष्ट सांगितली आणि माझा जीव भांड्यात पडला. 1861 साली इटली एक राष्ट्र झालं तेव्हा शंभरातल्या जेमतेम अडीच माणसांना इटालियन येत होतं, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञानं मांडला आहे. दुसरे अभ्यासक आकडा जरा वाढवतात, पण फार नाही. बाकीचे आपापल्या गावचं बोलत. फ्लॉरेन्सकडची बोली पुस्तकात गेली म्हणून ती शुद्ध ठरली, आणि नेपल्सचा माणूस, व्हेनिसचा माणूस, सिसिलीचा माणूस आपल्याच देशात ए-वनला बसला. 1960 ते 1968 या काळात तर सरकारी टीव्हीवर आल्बेर्तो मान्झी नावाचे गुरुजी फळ्यासमोर उभे राहून प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत होते. नेपल्समध्ये 'करायलाव' म्हणणारं कुणी तरी नक्की असणार. मला भेटायचंय त्याला.

या फ्लॉरेन्सच्या बोलीमागं दांते उभा आहे. जन्म 1265 चा, म्हणजे आमच्या नामदेवांपेक्षा पाच वर्षांनी मोठा. लोकांच्या बोलीत थोर साहित्य होऊ शकतं, हे सांगणारा ग्रंथ त्यानं 1303 च्या पुढं-मागं लिहायला घेतला. तोवर आमच्याकडं ज्ञानेश्वरी होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिचा काळ 1290. शिवाय दांतेनं लोकभाषेचं हे कौतुक लॅटिनमध्ये लिहिलं, आणि तेही अर्ध्यावर सोडलं. मराठी भाषा गौरव दिनाच्या निमंत्रणपत्रिका इंग्रजीत छापणाऱ्यांना इतका थोर पूर्वज मिळेल असं कुणाला वाटलं नसेल.

लिंगाच्या धड्यात मराठी मुलं पुढं गेली. टेबल पुरुष आणि खुर्ची बाई, हे ऐकून इंजिनियर मंडळींनी "का?" असं विचारलं. आम्ही विचारलं नाही. खुर्ची बाई आहे हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. टेबलाचं आम्ही नपुंसक ठेवलं होतं, ते बदलून घेतलं. मानार्थी बोलण्याच्या धड्यात तर खेड्यातली मुलं सगळ्यांच्या पुढं गेली. इटालियनमध्ये मोठ्या माणसाला मान द्यायचा तर त्याच्या तोंडावर त्याला 'ती' म्हणतात. "ती कशी आहे?" असं समोर बसलेल्या मॅनेजरकाकांना विचारायचं आणि काकांनी आपल्याबद्दल सांगायचं. शहरातली मुलं हसली. मला माझ्या आजीचं बोलणं आठवलं. तिनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही की त्यांना सरळ हाक मारली नाही. "जेवायचं हाय का म्हणावं," असं ती समोरच बसलेल्या आजोबांबद्दल हवेत विचारायची आणि आजोबा हवेतच "वाढा म्हणावं" म्हणायचे. त्या दोघांना इटालियन सहज आलं असतं.

खरा प्रश्न आला तो 'माझं कुटुंब' या धड्यात. पुस्तकातल्या कुटुंबात आई, बाबा, एक बहीण, एक आजी आणि एक मांजर. काका, मामा, मावसोबा, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच शब्द, द्झीओ. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण नातू, नात, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सहाही जणांना 'निपोते' म्हणतात. मी मॅडमना म्हणालो की हे हिंगोली जिल्ह्यात चालणार नाही. सातबाऱ्यावर 'निपोते' असं नाव लागलं तर भाऊबंदकीचा खटला तीन पिढ्या चालेल. तसा तो आत्ताही चालतो, पण निदान कोण कुणाचा ते माहीत असतं. मेहुणा, साला, दीर, भावजी या सगळ्यांनाही एकच शब्द. लग्नाच्या पंगतीत "कॉन्यातो आले" अशी हाळी दिली तर चौघं उठतील आणि चौघंही रुसतील. मॅडमनी माझं सांत्वन केलं: व्याह्याला इटालियनमध्ये वेगळा शब्द आहे, कॉन्सुओचेरो. इंग्रजीला व्याही नाही, इटालियनला आहे. हे कळल्यावर इटालियन लोक आपल्यातले आहेत याबद्दल मला संशय उरला नाही. मॅनेजरकाकांनी तो शब्द ताबडतोब लिहून घेतला. त्यांचे व्याही तोरिनोला होते आणि आजवर ते त्यांना 'हॅलो' एवढंच म्हणत आले होते.

मग 'बाजारात' हा धडा आला. त्या धड्यातला बाजार वाचून मला झोप आली नाही. गिऱ्हाईक विचारतं, "क्वान्तो कोस्ता?" म्हणजे केवढ्याला. विकणारी म्हणते, दोन युरो. गिऱ्हाईक म्हणतं, "ग्रात्सिए," आणि दोन युरो देतं. धडा संपला. हिंगोलीच्या मंगळवारच्या बाजारात कुणी असं केलं तर विकणाऱ्याला झोप येणार नाही. आपण भाव कमी सांगितला की काय, या विचारानं. मोंढ्यात हळदीचं बीट चालू असताना पहिल्या बोलीला कुणी 'ग्रात्सिए' म्हणालं तर अडत्या आधी त्याच्या घरी फोन करील.

हा धडा आम्हाला वर्गात करून दाखवायचा होता. कोथरूडची एक मुलगी सफरचंदं विकणारी झाली, मी गिऱ्हाईक. मी भाव विचारला. तिनं सांगितला. मी मान हलवली आणि वर्गाच्या दाराकडं चालायला लागलो.

"कुठं निघालात?" मॅडम म्हणाल्या.

"ती हाक मारील म्हणून."

तिनं हाक मारली नाही. ती म्हणाली, "अर्रिवेदेर्ची," म्हणजे पुन्हा भेटू. मी दारात उभा. आमच्याकडं खरेदीचं पहिलं वाक्यच 'एवढ्याला दिलं तर घेतो' असं असतं. जर-तर अजून शिकवलेलं नव्हतं, म्हणून ते मला पायांनी सांगावं लागलं. ते तिला कळलं नाही, कारण तिनं आयुष्यभर मॉलमध्ये खरेदी केली होती.

यावरून मॅडमनी हातवाऱ्यांचा विषय काढला. इटालियन लोक अर्धं बोलणं हातानं करतात. ब्रुनो मुनारी नावाच्या चित्रकारानं 1958 मध्ये त्यांच्या हातवाऱ्यांचे फोटो काढून एक पुस्तकच केलं, शब्दकोशाला पुरवणी म्हणून. त्यातला सगळ्यात गाजलेला हावभाव म्हणजे पाची बोटांची टोकं जुळवून हात वरखाली हलवायचा: "तुला म्हणायचंय तरी काय?" आमच्याकडं पाची बोटं जुळवून हात तोंडाकडं नेला की "जेवलास का?" असा अर्थ. म्हणजे एखादा इटालियन औंढ्याला येऊन चिडून हात हलवायला लागला, तर लोक त्याला पंगतीत बसवतील. भांडण मिटेल. उलट आमच्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून जो भाव ठरतो, त्याचे फोटो मुनारीला काढता आले नसते. बोटं दिसतच नाहीत, आणि ती दिसत नाहीत म्हणूनच सौदा होतो.

'तुझे वडील काय करतात?' या धड्यात डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या शेवटी एक शेतकरी होता. चित्रात त्याच्या डोक्यावर गवताची टोपी, मागं द्राक्षाचा मळा आणि चेहऱ्यावर भलं मोठं हसू. मी फोटो काढून अण्णांना पाठवला. उत्तर आलं: "ह्यो कशामुळं हसायलाय? कर्ज फिटलं का?" हळदीला इटालियनमध्ये कुर्कुमा म्हणतात, हेही मी त्यांना कळवलं, आणि आपल्या वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा तिकडं तिचं नाव ऐकू येईल असंही. त्यांनी विचारलं, तिकडं भाव काय. आमचे आकडे तेव्हा शंभरपर्यंतच झाले होते. क्विंटलचा भाव सांगायला ते पुरत नाहीत.

ही शंभराची अडचण फक्त आकड्यांची नव्हती, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. ए-वनच्या माणसाला फक्त वर्तमानकाळ येतो. पुस्तकातला तो तरुण बघा. तो सकाळी उठतो, कॉफी पितो, मांजराला दूध देतो, बसनं कामाला जातो, संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पिझ्झा खातो. काल काय झालं, त्याला ठाऊक नाही. भूतकाळ पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आहे, तिथवर सत्र पोचत नाही. उद्याची चिंता नाही, भविष्यकाळ ए-टूला. त्याला भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते. भीतीसुद्धा वाटते, 'ओ पाउरा' एवढं म्हणता येतं. पण कशाची? 'भाव पडेल अशी भीती वाटते' असं म्हणायचं झालं तर क्रियापदाचं एक निराळंच रूप लागतं, कॉन्जुन्तीवो. शंका, भीती, आशा, इच्छा आणि 'मला असं वाटतं' हे सगळं त्या एका रूपावर चालतं, आणि ते शिकवतात बी-वनला. तोवर त्या माणसाला मत नाही, संशय नाही, नवस नाही. कर्जमाफी व्हावी असं त्याला वाटू शकत नाही, कारण त्याचं व्याकरण झालेलं नाही.

आणि मी त्याच्यासारखंच बोलायला लागलो. सोनो हिंगोलो. मी विद्यार्थी आहे. मी कॉफी पितो. आज ऊन आहे. मराठीत मला बहिणीचं लग्न होतं, बाकी राहिलेली फी होती, नोकरीचं काय हा प्रश्न होता. वर्गात पाय ठेवला की त्यातलं काहीच नव्हतं. हिंगोली जिल्ह्यातला माणूस आठवड्याचे काही तास का होईना नुसत्या वर्तमानकाळात राहतोय, ही गोष्ट गॅझेटियरमध्ये नोंदवण्यासारखी आहे.

कारण आमच्या जिल्ह्याचा सगळा कारभार जर-तरवर चालतो. इटालियनमध्ये जर-तरच्या तीन इयत्ता आहेत. पहिली खात्रीची: पाऊस पडला तर पेरतो. ही सोपी, लवकर येते. दुसरी नुसत्या शक्यतेची: सिद्धेश्वर धरणाचं पाणी वेळेवर सुटलं, तर हळद लावता येईल. हिला कॉन्जुन्तीवो लागतो. तिसरी हातातून गेलेल्याची: आधीच विकलं असतं, तर दोन हजारानं जास्त भाव मिळाला असता. या वाक्याला इटालियनमध्ये दोन्हीकडं अशी संयुक्त रूपं लागतात की ती बी-टूच्या मुलांनाही नीट जमत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. आमच्या गावात पानटपरीवर संध्याकाळी सहा ते आठ सगळी चर्चा तिसऱ्या इयत्तेतच चालते. विमा भरला असता तर. त्या साली सोयाबीन ठेवलं असतं तर. थोरल्याला त्या पोरीचं बघितलं असतं तर. पहिल्या इयत्तेचं वाक्य तिथं कुणी बोललंच तर त्याला नवखा समजतात.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी आमी बी-टूच हाव की."

"आहात. फक्त शब्द मराठी हायेत."

"शब्दाचं काय, ते तुमी शिकवा. आमाला पुढचं येतंय."

सत्र संपताना तोंडी परीक्षा झाली. मला विचारलं, तुझे वडील काय करतात. मी म्हणालो, शेतकरी आहेत. आनंदी आहेत का? मी म्हणालो, हो, आनंदी आहेत. व्याकरण बिनचूक होतं, पूर्ण गुण मिळाले. मॅनेजरकाका माझ्याहून पुढं गेले. परीक्षकांनी कुटुंबाबद्दल विचारलं तर त्यांनी सुनेचं नाव, तिच्या गावाचं नाव आणि कॉन्सुओचेरो असं एका दमात सांगितलं आणि काकू व सून रोज काय बोलतात तेही सांगितलं. त्या दोघी दररोज एकमेकींना फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात काय शिजतंय ते दाखवायच्या. एवढ्यासाठी काकांनी फी भरली होती. ती वाया गेली असं ते म्हणत नाहीत.

आता ए-टूचा अर्ज आला आहे. पुढच्या सत्रात भूतकाळ आहे, त्यानंतर भविष्यकाळ, आणि पूर्ण जर-तर त्याच्याही पलीकडं. ते आलं की हिंगोली जिल्हा पहिला येईल, याबद्दल मला शंका नाही. असती, तरी सांगता आली नसती. ते व्याकरण अजून झालेलं नाही.